पोर्क, ओटीजी आणि थोडंसं हीट ट्रान्सफर

मराठी विभागासाठी लिही असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढलेली मुलगी मी. आमच्याकडे मराठी म्हणजे आठवड्याला चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले समानार्थी शब्द! ‘ऱ्हस्व-दीर्घ मी बघून घेईन, तू फक्त लिही,’ असं ती म्हणाली, म्हणून हे धाडस. कविता मला जमत नाही आणि ‘मैत्री’ या विषयावर दर वर्षी चार लेख येतातच. तेव्हा मी लिहितेय एका फसलेल्या जेवणावर आणि ते दुसऱ्यांदा का फसलं नाही यावर.

ज्यांना पोर्क चालत नाही त्यांनी पान उलटायची घाई करू नये. अर्ध्याहून जास्त लेख हीट ट्रान्सफरचा आहे, आणि मध्ये कोबीची एक गोष्ट आहे ती सगळ्यांनाच लागू पडते.

तर, माझी आजी (मम्मीची आई) वसईची. आजोबा गेल्यापासून ती हिवाळ्यात आमच्याकडे पुण्यात असते आणि फेब्रुवारीत मामाकडे परत जाते. तिच्या लहानपणी घरात ओव्हन कुठला असायला! नाताळच्या सकाळी मिस्साला जाताना मसाला लावलेलं डुकराचं मटण पातेल्यात घालून बेकरीत द्यायचं. पाव भाजून झाल्यावर बेकरीवाला ते भट्टीत सारायचा आणि दुपारी कुणीतरी जाऊन घेऊन यायचं. कुणाचं पातेलं कुठलं हे कळावं म्हणून कडीला रंगीत चिंधी बांधलेली असायची. त्या भट्टीतल्या मटणाची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की मला स्वप्नातसुद्धा त्याचा वास येतो.

थोडा इतिहास, कारण आमच्या वर्गात अजूनही ‘तुम्ही खरंच खाता?’ असं विचारणारे आहेत. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली हे पुणेकरांना सांगायला नको, अप्पांची समाधी इथेच ओंकारेश्वरापाशी आहे. किल्ला गेला, पण व्हिनेगर, लसूण आणि डुकराचं मटण हे त्रिकूट स्वयंपाकघरातून काही हललं नाही. गोव्याच्या ‘विंदालू’तला ‘आलू’ म्हणजे बटाटा नव्हे, तो शब्द पोर्तुगीज भाषेतल्या वाइन आणि लसूण या शब्दांवरून आलाय. आणि पुण्यात क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला १७९२ साली जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी, आपल्याच सैन्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी. त्यांच्या घरी रविवारी काय शिजत असेल याचा अंदाज ज्यानं-त्यानं करावा. मुद्दा एवढाच की हे ‘फॉरेन’ जेवण नाही.

आता फसलेलं जेवण. गेल्या नाताळात मम्मीची दुपारची ड्यूटी लागली. ती नर्स आहे, नाताळ-दिवाळी बघून ड्यूटी लागत नाही. मी म्हटलं, या वेळी जेवण माझ्याकडे. आमच्याकडे ३० लिटरचा, १६०० वॅटचा ओटीजी आहे, त्यात आजवर केक आणि टोस्ट यापलीकडे काही झालेलं नव्हतं. कॅम्पातून दीड किलो खांद्याचा तुकडा आणला, हाडासकट. एका पुस्तकात २०० डिग्रीवर चाळीस मिनिटं असं दिलं होतं. माझा तुकडा मोठा होता म्हणून मी डायल २२० वर केला आणि वीस मिनिटं ग्रेस मार्क दिले. एका तासानं बाहेर काढलं तेव्हा काय सुंदर दिसत होतं! वरून चॉकलेटी, कडा थोड्या काळ्या, घरभर वास. साडेआठला मम्मी आली, सगळे टेबलावर बसलो, पप्पांनी सुरी घातली... आणि हाडाजवळ गुलाबी, गार मांस आणि लालसर पाणी.

मम्मीनं काही न बोलता माझ्या धाकट्या भावाची प्लेट उचलली, मग सगळ्यांच्या. ‘आज हे कोणी खायचं नाही.’ ती कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. आम्ही पुलाव आणि आजीनं केलेली कोबीची कोशिंबीर खाल्ली. आजी म्हणाली, ‘राहू दे गो, भट्टीचं काम भट्टीच करते.’ तिनं समजूत काढली होती, पण मला ते ओरलला नापास केल्यासारखं वाटलं. शिवाय मनात एक हिशेब होताच. आजी एकोणऐंशी वर्षांची आहे, तिला कवळी आहे, आणि फेब्रुवारी जवळ येत होता.

रात्री झोप येईना तेव्हा हीट ट्रान्सफरचं पुस्तक काढलं. (सेमिस्टरभर काढलं नव्हतं, हे कृपया सरांना सांगू नये.) अनस्टेडी स्टेट कंडक्शनच्या धड्यात फोरियर नंबर नावाचा प्रकार आहे: डिफ्युझिव्हिटी गुणिले वेळ, भागिले जाडीचा वर्ग. आपण तो फॉर्म्युला पाठ करतो, ‘जाडीचा वर्ग’ या दोन शब्दांवर कोणी थांबत नाही. त्याचा अर्थ असा की जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत उष्णता पोचायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो. पुस्तकातला तुकडा चार सेंटिमीटर जाडीचा होता. माझा नऊ. नऊ भागिले चारचा वर्ग जवळजवळ पाच! म्हणजे चाळीस मिनिटांच्या जागी दोनशे मिनिटं. मी साठ दिली होती. मांसाची थर्मल डिफ्युझिव्हिटी जवळपास पाण्याएवढी, म्हणजे स्टीलच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढी असते. उष्णता आत जाते ती पुण्याच्या ट्रॅफिकसारखी. तुम्ही मागून कितीही हॉर्न वाजवा, म्हणजे डायल कितीही फिरवा, पुढची गाडी तिच्याच वेगानं जाणार. हॉर्ननं फक्त बाहेरचे लोक भाजतात.

मग आजीच्या बेकरीवाल्याला ते कसं जमायचं? त्यानं काही फोरियर वाचला नव्हता. पण त्याच्या भट्टीला जाड विटांच्या भिंती होत्या. पाव भाजून झाल्यावर विस्तव ओढून घेतलेला, भट्टी हळूहळू निवत चाललेली, आणि विटा तासन् तास चारी बाजूंनी सारखी उष्णता सोडताहेत. पातेल्यावर झाकण. चार-पाच तास कोणी दार उघडत नाही. आमच्या ओटीजीला भिंत म्हणजे पातळ पत्रा. त्यात साठवलेली उष्णता जवळजवळ नाहीच. वरची कॉइल तुकड्यापासून चार बोटांवर, ती लाल झाली की रेडिएशन थेट वरच्या थरावर. रेडिएशन तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं, म्हणून वरून कोळसा आणि आत फ्रिज. शिवाय थर्मोस्टॅटची बायमेटल पट्टी ‘टिक्’ करून कॉइल बंद करते, गार झाल्यावर पुन्हा ‘टिक्’. डायलवरचा आकडा म्हणजे या दोन टिकांच्या मधला कुठलातरी. त्यात मी दर दहा मिनिटांनी दार उघडून बघत होते. प्रत्येक वेळी गरम हवा बाहेर, माझा चष्मा धुक्यात, आणि ओव्हन पुन्हा पहिल्यापासून अभ्यासाला.

आता मम्मीच्या भीतीबद्दल. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं तर तिनं मला समोर बसवून व्यवस्थित लेक्चर दिलं. कच्च्या राहिलेल्या पोर्कमध्ये टेपवर्मची, म्हणजे पट्टकृमीची, अळी असू शकते. मांसात ती साबुदाण्यासारख्या पांढऱ्या फुगीर दाण्यांनी दिसते (म्हणून खात्रीच्या दुकानातून घ्यायचं आणि कापताना बघायचं). ती जिवंत पोटात गेली तर आतड्यात लांबलचक कृमी वाढतो. मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात तो आजार मात्र मांस खाऊन थेट होत नाही. तो होतो त्या कृमीची अंडी पोटात गेली की. अंडी बाहेर पडतात ती कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, आणि पसरतात न धुतलेल्या हातांनी, घाण पाण्यानं, नीट न धुतलेल्या कच्च्या भाज्यांतून. म्हणजे आयुष्यात मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना टाळता येण्यासारख्या एपिलेप्सीच्या मोठ्या कारणांमध्ये याची गणना करते. ‘काल रात्री मी पोर्क उचललं ते बरोबरच केलं,’ मम्मी म्हणाली, ‘पण आधी कोबी पाहिला. आईनं पानं सुटी करून धुतली होती का ते विचारलं, मगच वाढला.’ धुतली होती. आजीच ती!

या लेक्चरमधून माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट निघाली: रंग बघून काही ठरवायचं नाही. पूर्ण शिजलेलं पोर्कही हाडाजवळ गुलाबी दिसू शकतं, आणि पांढरं दिसणारं मांस मध्यभागी कमी तापलेलं असू शकतं. घड्याळावरही ठरवायचं नाही, ते आपण वर बघितलंच. ठरवायचं ते मधल्या तापमानावर. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ साली अखंड तुकड्यासाठी ही मर्यादा ७१ वरून ६३ डिग्री सेल्सिअसवर आणली, आणि त्यानंतर तीन मिनिटं तसंच ठेवायचं. खिम्याला अजूनही ७१. मम्मीचा नियम सगळ्यालाच ७१. तिच्याशी वाद घालायची माझी तयारी नव्हती.

पण इथेच खरा घोळ आहे, आणि या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ‘खायला सुरक्षित’ आणि ‘खायला मऊ’ ही दोन वेगवेगळी तापमानं आहेत. खांदा हा डुकराचा राबणारा भाग, त्यात कोलॅजनचे धागे भरपूर. ७१ ला तो सुरक्षित झालेला असतो, पण चिवट असतो, चपलेसारखा. कोलॅजनचं जिलेटिन व्हायला ७० च्या वर बराच वेळ लागतो, आणि ८५-९० च्या पुढे आत गेलं की धागे सुटतात. म्हणून खांदा ९० पर्यंत न्यायचा. पाठीच्या बिनचरबीच्या तुकड्याला हेच केलंत तर लाकूड होईल, कारण त्यात विरघळायला कोलॅजनच नाही. त्याला मर्यादेवर पोचला की बाहेर काढायचं. आजीच्या कवळीला पाहिजे होता खांदा, ९० डिग्री.

थर्मामीटर कुठून आणायचा? लॅबमधला थर्मोकपल मागावा असं डोक्यात आलं होतं, पण तो वर्षभर कुठल्या तेलात बुडवलेला असतो हे आठवलं. मग सुईसारखा डिजिटल थर्मामीटर विकत घेतला. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवलं. उकळत्या पाण्यात ९८! मी दुकानदाराशी भांडायला निघाले होते, पप्पांनी विचारलं, ‘पुणे समुद्रापासून किती उंचावर?’ साडेपाचशे मीटरच्या वर. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी इथे ९८ च्या आसपासच उकळतं. थर्मामीटर बरोबर होता, टी. ई. मेकॅनिकल चुकलं होतं.

दुसरा प्रयोग जानेवारीतल्या एका रविवारी. करायला सोपं आहे म्हणून सांगते, होस्टेलवाल्यांनीही सुट्टीत घरी करून बघावं. दीड किलो खांदा, या वेळी बिनहाडाचा, वर बोटभर चरबी ठेवलेली. आदल्या रात्री त्याला चार चमचे व्हिनेगर, दहा-बारा पाकळ्या लसूण आणि दोन इंच आलं वाटून, दोन चमचे बॉटल मसाला (नसेल तर तिखट, हळद, मिरी, दालचिनी), चमचाभर गूळ आणि चार छोटे चमचे मीठ चोळून फ्रिजमध्ये. ट्रे स्टीलचा किंवा काचेचा घ्या. व्हिनेगर अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि चव धातूसारखी लागते. ट्रेमध्ये तळाला अर्धे केलेले बटाटे आणि कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर मांस, चरबी वरच्या बाजूला. ओव्हनमध्ये घालण्याआधी पाऊण तास बाहेर ठेवलं. रॅक सगळ्यात खालचा.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी डायल १२० वर ठेवला. साडेतीनला सुरू. साडेचारला मध्यभागी ३८. साडेपाचला ५९. मी जर्नलच्या मागच्या पानावर ग्राफ काढत होते, छान चढत होता. सहाला ६६. आणि सहा चाळीसला... ६८! चाळीस मिनिटांत दोन डिग्री. मला घाम फुटला. कॉइल चालू, टिक् चालू, मग उष्णता जाते कुठे? मी डायलला हात घालणार, तेवढ्यात आजी माठातलं पाणी घ्यायला आली आणि ट्यूब पेटली. मांस घाम गाळत होतं! पृष्ठभागावरचं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, माठ गार राहतो तो ह्याच कारणानं. जेवढी उष्णता आत येत होती तेवढीच वाफेवाटे बाहेर. अमेरिकेत मोठे तुकडे मंद आचेवर भाजणाऱ्यांना ही अडचण इतकी पाठ आहे की त्यांनी तिला नावच ठेवलंय, ‘स्टॉल’. उपाय सोपा. अर्धा कप गरम पाणी ट्रेमध्ये घातलं, वर फॉइल घट्ट बसवलं (व्हिनेगरच्या मसाल्याला टेकणार नाही असं), डायल १६०. वाफेला जायला जागाच उरली नाही. सव्वासातला ८०, सात पन्नासला ९०. काटा घातला तर लोण्यात गेल्यासारखा गेला. आणि मग लक्षात आलं, फॉइल म्हणजेच आजीच्या पातेल्याचं झाकण. म्हणजे तुम्ही सुरुवातीपासूनच फॉइल लावून १६० वर ठेवा, माझ्यासारखा ताप करून घेऊ नका. अडीच-तीन तास धरा, पण शेवटी सुईलाच विचारा.

फक्त झाकलेल्या मांसाला रंग येत नाही. ते वाफेवर शिजतं, पृष्ठभाग ओला असेपर्यंत तापमान १०० च्या पुढे जात नाही आणि तपकिरी रंग आणणारी मेलार्ड रिअ‍ॅक्शन जोरात व्हायला १४० च्या आसपास लागतं. म्हणून शेवटी फॉइल काढून २२० वर वीस मिनिटं. पहिल्या दिवशी माझा वैरी असलेली वरची कॉइल इथे कामाला आली. मग पंधरा मिनिटं नुसतं ओट्यावर ठेवलं. कापायची घाई केली की रस सगळा पाटावर जातो.

मम्मी साडेआठला आली. पर्स ठेवायच्या आधी म्हणाली, ‘सुई कुठाय?’ तिनं स्वतः तीन ठिकाणी खुपसून बघितलं, सगळ्यात कमी आकडा ८७ आला. मग हात धुवायला गेली. सुरी लागलीच नाही, काट्यानंच तुकडे सुटले. बटाट्यांनी सगळी चरबी आणि व्हिनेगर पिऊन घेतलं होतं, भावानं आधी तेच संपवले. पप्पांनी विजेचा हिशेब विचारला. कॉइल अर्धा वेळ बंदच असते हे धरून साडेतीन-चार युनिट निघाले, तेव्हा ते गप्प जेवले.

आजी सावकाश खात होती. सगळ्यांचं झालं तरी तिचं चालू होतं. मी काही विचारलं नाही, ओरलला परीक्षक कागद बघत असताना आपण बोलत नाही. शेवटी पानातलं पुसून घेत म्हणाली, ‘मीठ कमी पडलं गो.’ आणि ताट पुढे केलं, अजून एक तुकडा वाढ म्हणून.

उरलेलं दुसऱ्या दिवशी तिनं ताब्यात घेतलं. लसूण, लाल मिरच्या, अजून व्हिनेगर, आणि अर्थातच मीठ घालून कढईत परतलं आणि म्हणाली आता झालं डुकराचं मटण. खरं सांगायचं तर ते माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं. ट्रे मात्र दोन दिवस सिंकमध्ये भिजत पडला होता, तो पप्पांनी घासला.